तापले पाणी, गुदमरली मासळी

२०२० च्या जून महिन्यात लोणारचे सरोवर गुलाबी झाले आणि एरवी दुष्काळाच्या बातमीतच दिसणारा आमचा बुलडाणा जिल्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकला. टाळेबंदीचे दिवस होते. माणसे घरात कोंडलेली, हातात मोबाइल, आणि मोबाइलवर गुलाबी पाण्याची छायाचित्रे. कुणाला तो चमत्कार वाटला, कुणाला कोप. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले, पाण्याचे नमुने प्रयोगशाळांत गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी उलगडा केला, की खाऱ्या पाण्यात रमणारे अतिसूक्ष्म जीव बेसुमार वाढले आणि त्यांच्या अंगच्या रंगद्रव्याने पाणी रंगले. उन्हाने पाणी आटले, आटल्याने खार दाट झाला, आणि दाट खारात ज्यांचे फावते त्यांचे फावले! पुढे पाऊसपाणी झाले, ते जीव तळाशी बसले, रंग ओसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारचे नाव रामसर पाणथळ जागांच्या यादीत गेले.

रंगामुळे लोणारच्या पाण्याची चौकशी झाली. पण ऊन वाढले, पाणी घटले आणि पाण्यात जे विरघळलेले होते ते दाट झाले, हे गणित तर जिल्ह्यातल्या प्रत्येक गावतळ्यात दर मे महिन्यात घडत असते. तिथे पाणी गुलाबी होत नाही. तिथे एवढेच होते, की एखाद्या सकाळी गुराखी पोरगा तळ्यावर जातो आणि काठाकाठाने पांढऱ्या पोटांची रांग लागलेली त्याला दिसते. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी छापून येतात: तळ्यात मासे मृत्युमुखी, विषप्रयोगाचा संशय.

संशय कधीकधी खराही असतो. वैमनस्यातून किंवा फुकटच्या मासळीच्या लोभाने पाण्यात औषध ओतणारे महाभाग आहेतच. पण पुष्कळदा त्या रात्री कुणी काहीच ओतलेले नसते. जे होते ते आधीपासूनच पाण्यात होते; जानेवारीतही होते, आणि जानेवारीत मासे त्यात मजेत पोहत होते. मेमध्ये वाढली ती पाण्याची उष्णता. पाणी तापले, की त्याच पाण्यातली तीच घाण अधिक जहाल होते, ही गोष्ट आपल्या ध्यानी येत नाही, म्हणून आपण रात्रीच्या अंधारात आलेला कुणी दुष्मन शोधत बसतो.

हे कसे घडते ते समजून घ्यायला प्रयोगशाळा नको, स्वयंपाकघर पुरे. गॅसवर पातेलेभर पाणी ठेवा. पाणी उकळायला अजून खूप अवकाश असतो, तरी पातेल्याच्या कडेला आणि तळाला बारीक बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. ती वाफ नव्हे. पाण्यात विरघळलेली हवा आहे ती. पाणी तापले तशी तिला तिथे जागा उरली नाही. गार सोडा ग्लासात चुरचुरतो आणि उन्हात राहिलेल्या बाटलीतला सोडा मिळमिळीत लागतो, त्याचेही कारण हेच. शुद्ध पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना ७.५ च मावतो, आणि ३५ अंशांना जेमतेम ७. हा झाला कमाल साठा. त्यातही सांडपाणी, शेण, कुजका पाला असला की तो कुजवणारे जंतू आपला वाटा आधी उचलतात, आणि पाणी गरम असले की त्यांचीही भूक वाढते.

आता माशाची बाजू पाहा. आपले अंग थंडीवाऱ्यात काय नि उन्हात काय, ३७ अंशांच्या आसपास राहते. मासा शीतरक्ताचा, पाणी जितके गरम तितका तो गरम. तपमान दहा अंशांनी वाढले की त्याच्या शरीराचा कारभार ढोबळमानाने दुप्पट वेगाने चालू लागतो, आणि त्याला प्राणवायूही दुप्पट लागतो. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी रोहू, कटला आणि मृगळ या आपल्या तिन्ही नेहमीच्या माशांची पिले २६ ते ३६ अंशांपर्यंतच्या वेगवेगळ्या पाण्यांत ठेवून पाहिली. त्यांचा शोधनिबंध २००४ साली प्रसिद्ध झाला. पाणी जसे गरम तसा पिलांचा श्वास वाढत गेला. ही मासळी तशी चिवट आहे, चाळिशीच्या आसपासचे पाणीही थोडा वेळ सोसते. तेव्हा उन्हाळ्याने मासे मरतात असे म्हणणे पूर्ण खरे नाही. स्वच्छ आणि पुरेशा पाण्यात ते आमचा विदर्भाचा उन्हाळाही काढतात.

पण पाणी स्वच्छ नसते. पुरवठा घटला आणि मागणी दुप्पट झाली, तर मासा काय करील? कल्ल्यांवरून अधिक पाणी खेळवील. वरच्याच आकड्यांवरून हिशोब मांडला तर २० अंशांना जेवढे पाणी तो कल्ल्यांवरून नेत होता, त्याच्या जवळजवळ अडीचपट ३० अंशांना न्यावे लागेल. आणि त्या पाण्यात लिटरमागे कणभर विष असेल, तर त्याच्या कल्ल्यांवरून आता अडीचपट विष जाईल. पाण्याची तपासणी करणारा मात्र म्हणेल, की विषाचे प्रमाण गेल्या तपासणीइतकेच आहे, काळजीचे कारण नाही!

आठवडी बाजारात मासे घेताना आमची आजी आधी कल्ला उचलून बघायची. लालभडक असेल तर मासा ताजा. फिका किंवा तपकिरी असेल तर ती पुढच्या टोपल्याकडे वळायची. विकणारी बाई कितीही बोलली तरी आजी कल्ल्याचेच ऐके. मोठेपणी कळले, की माशाच्या जिवाची सगळी उलाढाल त्या लाल झालरीतूनच होत असते. कल्ले म्हणजे त्याचे फुफ्फुस, आणि मूत्रपिंडाचे बरेचसे कामही तेच करतात. आपण युरिया लघवीवाटे टाकतो. मासा अमोनिया कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो.

या अमोनियाची गोष्ट आमच्या जिल्ह्याला विशेष लागू आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. गावातली गटारे, गोठ्यातले मूत, शेतातून वाहून आलेला युरिया, या सगळ्यांचा शेवट पाण्यात अमोनियात होतो. पाण्यात तो दोन रूपांत राहतो. एक रूप बरेचसे निरुपद्रवी, दुसरे म्हणजे मुक्त अमोनिया, जहाल. तो कल्ल्यांतून सरळ रक्तात शिरतो आणि कल्ल्यांची नाजूक त्वचाही जाळतो. एकूण अमोनियापैकी कितीने कोणते रूप घ्यावे हे दोन गोष्टी ठरवतात: पाण्याचे तपमान आणि पाण्याचा सामू, म्हणजे ते आंबट आहे की खारट-सोड्याच्या अंगाचे, याचे माप. सामू ७ म्हणजे मध्यम. काळ्या मातीच्या, चुनखडीच्या आमच्या मुलखात पाणी सहसा ८ च्या आसपास असते. ८ सामूच्या पाण्यात २० अंशांना शंभर भाग अमोनियापैकी चारच भाग जहाल असतात. तेच पाणी ३० अंशांना नेले की साडेसात. बाहेरून एक थेंबही न मिसळता विष जवळजवळ दुप्पट झाले.

एवढ्यावर थांबत नाही. घाण पाण्यात हिरवे शेवाळ मातते. दिवसभर उन्हात ते पाण्यातला कर्बवायू खाते, त्यामुळे दुपारपर्यंत सामू ९ वर जाऊ शकतो. आणि ९ सामूच्या, ३० अंशांच्या पाण्यात शंभरातले पंचेचाळीस भाग जहाल होतात. लोणारच्या सरोवराचा सामू तर दहाच्या घरातला. इतक्या सामूला जवळजवळ सगळाच अमोनिया जहाल रूपात असतो. बिनमाशांचे पाणी हीच लोणारची पूर्वापार ओळख का, याच्या अनेक कारणांतले हे एक असावे. मे महिन्यातले गावतळे दुपारी तीन वाजता काही तासांपुरते लोणारच्या वाटेला लागते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

रात्री पारडे फिरते. ऊन गेले, की तेच शेवाळ प्राणवायू देण्याऐवजी खाऊ लागते. रात्रभर मासे, जंतू आणि शेवाळ सगळे त्याच तुटपुंज्या साठ्यावर जगतात, आणि पहाटेच्या सुमारास साठा संपत येतो. तळ्यावर वावरणाऱ्या भोयांना ही वेळ पक्की ठाऊक असते. मासे पाण्याच्या कातडीशी येऊन तोंडे वर करून आ-ऊ करू लागले, की पाणी बिघडले असे ते ओळखतात. दुपारी कल्ले जळायचे आणि पहाटे त्याच जळलेल्या कल्ल्यांनी उरलासुरला प्राणवायू ओढायचा, असा हा दिवसाचा फेरा. एखादी ढगाळ, बिनवाऱ्याची रात्र आली की तो पुरा होतो, आणि गुराख्याला ती पांढरी रांग दिसते.

घाटावर आणि घाटाखाली

बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की बुलडाणा जिल्हा एक नव्हे, दोन आहेत. आम्ही पत्ता सांगतानाही घाटावरचा की घाटाखालचा हे सांगतो. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगावराजा हा घाटावरचा भाग. बुलडाणा शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास उंच. इथली पैनगंगा आणि खडकपूर्णा गोदावरीला मिळतात आणि बंगालच्या उपसागराला जातात. राजूर घाट उतरून खाली आले की मोताळा, मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हा पूर्णेचा सखल मुलूख. इथली नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा पूर्णेला मिळतात आणि पूर्णा तापीवाटे अरबी समुद्राला. घाट उतरताना उन्हाळ्यात तोंडावर भट्टीची वाफ येते. नवतपात घाटाखाली पारा ४४-४५ ला टेकणे नवलाचे नाही. त्यात पूर्णाकाठचा खारपाणपट्टा, जिथे विहिरीचे पाणी मुळातच खारे.

म्हणजे एकाच कंपनीचे तेच कीटकनाशक, एकाच प्रमाणात, चिखलीच्या तळ्यात आणि नांदुऱ्याच्या तळ्यात उतरले, तर दोन्हीकडच्या माशांवर त्याचा परिणाम सारखा होईल असे धरून चालता येत नाही. नियमाच्या पुस्तकात मात्र घाट नाही. तिथे सगळा देश एकाच तपमानाचा आहे.

शेतीच्या औषधांचा उल्लेख निघालाच आहे. (औषध हा आमच्याकडचा शब्द; विषाला औषध म्हणण्याची ही रीत कुणी पाडली कोण जाणे.) तळ्यातल्या मासळीला वर्षातून तीन वेळा जपावे लागते. पहिली वेळ मेची, पाणी आटण्याची. दुसरी मृगाच्या पहिल्या सरींची: तापलेल्या तळ्यात पेरणीबरोबर टाकलेल्या खतांचे आणि तणनाशकांचे पहिले धुवण येऊन पडते. तिसरी वेळ भाद्रपद-आश्विनाची. पऱ्हाटी आणि सोयाबीनवर फवारण्या चालू असतात, पाऊस उघडीप देतो आणि ऑक्टोबरचा उन्हाळा पाणी पुन्हा तापवतो. आणि गंमत अशी, की मच्छीमार संस्था तळ्यात मत्स्यबीज सोडतात तेही जुलै ते सप्टेंबरातच. जिऱ्यापासून वाढवून बोटाएवढी झालेली, म्हणून बोटुकली म्हणतात ती पिले, नेमकी फवारणीच्या तोंडावर पाण्यात पडतात. पंप पाठीवर घेणाऱ्यालाही उन्हात तेच औषध अधिक बाधते, घामेजल्या कातडीतून ते लवकर आत जाते. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही.

सगळीच विषे उष्णतेने बळावतात असेही नाही, आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अमेरिकेत १९६९ सालीच संशोधकांनी वेगवेगळी कीटकनाशके थंड आणि उबदार पाण्यात माशांवर पारखून पाहिली होती. बहुतेक उबेत अधिक मारक ठरली, एखादे उलटे निघाले. क्लोरपायरिफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फरस गटातल्या औषधांचे माशाच्या शरीरातच अधिक जहाल रूप बनते, आणि शरीर गरम असले की ते लवकर बनते. म्हणून ती उन्हाळ्यात वाईट. याउलट सायपरमेथ्रिनच्या गटातली औषधे गारव्यात अधिक झोंबतात. हरभऱ्यावर घाटेअळी येते ती थंडीत, आणि तेव्हा नाल्याला लागून असलेल्या शेतात काय फवारले याकडेही लक्ष हवे. शिवाय उष्णतेने काही औषधे लवकर विघटतात आणि माशाचे यकृतही त्यांचा निपटारा झपाट्याने करते. सगळा तोटाच आहे असे नाही. पण अमोनिया, सांडपाणी आणि ऑर्गॅनोफॉस्फरस हे आपल्या तळ्यांतले नेहमीचे सोबती, आणि तिघांच्या बाबतीत ऊन शत्रूच्या बाजूने आहे.

आणखी एक गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवली, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात. त्यांनी प्रश्न उलटा विचारला: उन्हाने विष वाढते हे ठीक, पण विषाने ऊन सोसण्याची ताकद कमी होते का? एंडोसल्फान आणि क्लोरपायरिफॉस यांची थोडी मात्रा असलेल्या पाण्यात ठेवलेले मासे आणि स्वच्छ पाण्यातले मासे, दोघांचे पाणी हळूहळू तापवत नेले. विषाच्या पाण्यातले मासे काही अंश आधीच तोल जाऊन कलंडले. (एंडोसल्फानवर आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या मे महिन्यात बंदी घातली.) म्हणजे आपण म्हणतो ‘यंदा ऊन फार होते, म्हणून मासळी मेली’, तेव्हा ते ऊन मासळीने सोसलेही असते, जर पाणी धड असते तर.

असे प्रसंग काही आमच्याच जिल्ह्याची मिरास नाहीत. मुंबईला वाळकेश्वरच्या बाणगंगेत सर्वपित्री अमावास्येनंतर अनेक वर्षी मासे मेलेले आढळले आहेत. पितरांसाठी सोडलेले पिंड आणि अन्न पाण्यात कुजते, ऑक्टोबरची उष्णता त्याला जोर देते आणि प्राणवायू संपतो. कुणाचा हेतू वाईट नसतो, पण माशांना त्याचे काय? बंगळूरच्या अलसूर तलावात २०१६ च्या मार्चमध्ये हजारो मासे मेले. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच पडला. महिना दोन्हीकडे मार्च आहे, हे लक्षात घ्या. पाणी कमी होऊ लागलेले आणि ऊन चढू लागलेले. युरोपात २०२२ च्या उन्हाळ्यात पोलंड आणि जर्मनीच्या सीमेवरच्या ओडर नदीत तर साडेतीनशे टनांच्या आसपास मासळी मेली. खाणींतून सोडलेले खारे पाणी त्या नदीत वर्षानुवर्षे जातच होते. त्या साली उष्मा वाढला, पात्र खंगले, खार दाट झाला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या एका विषारी शेवाळाला ऊत आला. लोणारच्या गुलाबी पाण्याची गोष्ट वाचलेल्या माणसाला हे सारे ओळखीचे वाटेल. तिथेही सुरुवातीला कुणी पारा ओतला, कुणी रसायन ओतले, असे बरेच दिवस चालले होते.

नमुन्याची बाटली

मग मोजमाप करणारे काय करतात? सांडपाण्यातल्या घाणीचे एक सर्वमान्य माप आहे: ती कुजताना किती प्राणवायू खाईल ते पाहायचे. ही चाचणी इंग्लंडात रूढ झाली. सांडपाण्याविषयीच्या तिथल्या शाही आयोगाने १९१२ च्या अहवालात ती पाच दिवसांची धरली, आणि पुढे २० अंश तपमान जगभर मान्य झाले. आपल्याकडे मात्र ही चाचणी २७ अंशांना तीनच दिवस करतात. का? कारण आपल्या उबदार पाण्यात साहेबाच्या पाच दिवसांचे काम तीन दिवसांत उरकते! म्हणजे उष्णतेने घाणीचा जोर वाढतो हे आपल्या नियमावलीला पुरते ठाऊक आहे. तिने ते एका रकान्यात मान्य केले आहे, आणि बाकीच्या रकान्यांत विसरून गेली आहे.

कारखान्याच्या पाण्यासाठी नियम असा आहे, की ते सांडपाणी ज्या पाण्यात सोडायचे त्याच्यापेक्षा पाच अंशांहून अधिक गरम नसावे; आणि त्या सांडपाण्यात मासे ठेवले तर ९६ तासांनंतर शंभरातले नव्वद जिवंत राहावेत. नियम चांगला आहे. पण ही परीक्षा होते ती प्रयोगशाळेच्या टाकीत. तपमान स्थिर, प्राणवायूची ददात नाही, आणि माशाने आदल्या दुपारी अमोनिया सोसलेला नाही. निरोगी माणसाला सावलीत बसवून उन्हाचा त्रास होतो का विचारण्यासारखे ते आहे. नदीनाल्यांच्या पाण्याचीही प्रतवारी आहे. मत्स्यजीवनासाठी ‘ड’ वर्गाचे पाणी हवे: प्राणवायू लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम, सामू ६.५ ते ८.५, मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नको. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०१३ साली अमोनियाची नवी मर्यादा ठरवली, ती एका आकड्यात नाही. सामू आणि तपमान यांचे कोष्टकच दिले आहे: पाणी जसे गरम तशी मर्यादा खाली.

आपल्या ‘ड’ वर्गाचे निकषही उपयोगाचे नाहीत असे नव्हे. प्रश्न बाटली कधी भरली याचा आहे. कचेरीच्या वेळेत, सकाळी अकराच्या सुमारास घेतलेल्या नमुन्यात पहाटे पाचची गुदमर दिसत नाही आणि दुपारी तीनचा सामूही दिसत नाही. तो दिवसातला सर्वांत सुखाचा काळ असतो. बर्फाच्या पेटीतून गार होऊन नमुना प्रयोगशाळेत पोचला, आणि जागेवरचे तपमान कुणी टिपले नसेल, तर मुक्त अमोनियाचा हिशोबच चुकतो. मासे मेल्यावर दुसऱ्या दिवशी नमुना घेतला तर प्राणवायू बहुधा पुरेसा सापडतो, आणि ‘विष आढळले नाही’ असा अहवाल येतो. तो खोटा नसतो, एवढेच.

यात नुकसान कुणाचे? तलाव ठेक्याने घेतलेल्या मच्छीमार सहकारी संस्थेचे, म्हणजे बहुतेक ठिकाणी भोई कुटुंबांचे. ठेक्याची रक्कम आधी भरलेली, बीज विकत आणलेले, पाणी उतरले की जाळे टाकणे सोपे म्हणून मासेमारीचा मुख्य हंगाम उन्हाळ्याचाच. किलो-दीड किलोचा झालेला कटला ज्या आठवड्यात बाजारात जायचा, त्याच आठवड्यात पाणी सर्वांत धोक्याचे असते. हातातोंडाशी आलेला घास कसा जातो ते कोरडवाहू शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. फरक इतकाच, की शेताचा पंचनामा करायला तलाठी येतो. (काठावरचे मेलेले मासे गोळा करून स्वस्तात विकणारे कुणी भेटले तर आजीचा कल्ल्याचा नियम पाळावा आणि सरळ घरी यावे.)

उपाय म्हणून तळी खोल करा असे सांगितले जाते, आणि त्यात आमचा जिल्हा मागे नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या भरावासाठी लागणारी माती तलाव, नदी-नाले खोल करून तिथूनच घ्यायची, ही कल्पना इथे राबवली गेली आणि ‘बुलडाणा पॅटर्न’ म्हणून देशात गाजली. २०१८ पासून भारतीय जैन संघटनेच्या यंत्रांनीही गाळ काढला. तळी खोल झाली, पाणी टिकले, खालचे पाणी गार राहिले. मासळीला हे वरदानच.

मात्र खोल पाण्याचेही एक दुखणे आहे. उन्हाळ्यात वरचे गरम पाणी हलके होऊन वरच तरंगते, खालचे गार पाणी खालीच अडकते, दोघांची सरमिसळ होत नाही. तळाशी गाळ कुजत राहिला तर तिथला प्राणवायू संपतो. मग माशाची गत अशी, की वर जावे तर ऊन, खाली जावे तर श्वास नाही. मधल्या अरुंद पट्ट्यात तो दिवस काढतो. अशात वळवाचे वादळ आले, की तळाचे कुबट पाणी एकदम वर उसळते, आणि गारव्याचा पहिला पाऊस पडल्याच्या आनंदातच सकाळी मासे मेलेले सापडतात. म्हणून नुसता खड्डा करून भागत नाही; गावाचे गटार त्या खड्ड्याकडे वळवलेले नसावे, एवढे तरी पाहावे लागते. तळ्याकडे उतरणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी गवताचा आडवा पट्टा राखला तर शेतातली माती आणि औषध बरेच तिथेच अडते. पंप आणि डबे तळ्यात न धुणे याला तर पैसाही लागत नाही.

जगभरातल्या २३५ सरोवरांची नोंद तपासून शास्त्रज्ञांनी २०१५ साली सांगितले, की १९८५ ते २००९ या काळात त्यांचे उन्हाळ्यातले वरचे पाणी दर दशकाला सरासरी ०.३४ अंशाने तापत गेले. आकडा लहान दिसतो. आपल्या तळ्यांत ऋतूऋतूंमधला फरकच दहा-बारा अंशांचा, तिथे पाव-अर्ध्या अंशाचे काय, असे कुणी विचारील. पण मघाचे मधल्या पट्ट्यातले मासे आठवा. पट्टा आधीच हातभर असेल, तर बोटभरानेही तो अरुंद होतो.

पहाटे पाचला आणि दुपारी तीनला पाण्याचे तपमान आणि सामू टिपायचा, तर एक साधा तपमापक आणि सामूच्या कागदपट्ट्या पुरतात. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात धरणाच्या आणि ज्वालामुखीच्या प्रतिकृती दर वर्षी मांडल्या जातात. गावतळ्याचा मार्च ते जून असा तक्ता एखाद्या शाळेने भिंतीवर लावला तर तो प्रदूषण मंडळालाही मागून न्यावासा वाटेल. घाटावरच्या एका आणि घाटाखालच्या एका शाळेने मिळून केला तर फारच उत्तम.

पाऊस लागला, की मत्स्यबीजाच्या गाड्या पुन्हा येतील. प्राणवायू भरून फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत हजारो पिले असतात. आणणारा माणूस पिशवी फोडून ती लगेच सोडत नाही. बंद पिशवी तशीच तळ्याच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवतो, आतले आणि बाहेरचे पाणी सारखे गार होईपर्यंत. मग तोंड सोडतो, थोडे तळ्याचे पाणी आत घेतो, आणि पिले आपली आपण बाहेर पडतात. त्या वीस मिनिटांत काठावर बसून बिडी ओढण्याखेरीज दुसरे काम नसते. समोरच्या बांधावर कुणी पंप पाठीला लावून निघालेला असेल तर त्याला हाक मारून, आज काय फवारतोस गा भाऊ, एवढे विचारायला ती वेळ पुरते.